घोडा नजरेनं पारखावा की घड्याळानं?

चौखूर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पॅडॉकच्या (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात ती जागा) कठड्याला टेकून उभा होतो. बाराशे मीटरची रेस, घोडे गोल फिरत होते आणि मी फोनवर सकाळच्या गॅलपच्या (सरावाच्या दौडीच्या) वेळा चाळत होतो. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ, पांढरा सफारी, रेसबुकाची सुरळी करून काखेत मारलेली. थोडा वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, घोडा तिकडे आहे. फोनात काय शोधताय?"

माझा घोडा सात नंबरचा. दोन आठवड्यांपूर्वी सकाळच्या गॅलपला ६०० मीटर त्यानं ३६ सेकंदांत काढले होते, या रेसमधल्या दुसऱ्या कुणाची तेवढी वेळ नव्हती. काका म्हणाले, "मागच्या मांड्यांमध्ये बघा." बघितलं. पांढरा फेस आला होता, साबण लावल्यासारखा. मान सारखी वर, मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) दोन्ही हातांनी लगाम ओढून धरतोय. "याची रेस इथेच संपली." आणि खरंच संपली. सात नंबर शेवटून दुसरा.

पुढच्या रेसला मी शहाणपणा करून फोन खिशात टाकला आणि काकांच्या मागे गेलो. त्यांनी एक तपकिरी घोडा निवडला. काय दिसत होता! अंगावर ऊन पडलं की आरशासारखं परत येत होतं, पुठ्ठ्यांवर रुपयाएवढे ठिपके उमटलेले. पहिली आली एक हाडकुळी, पोट खपाटीला गेलेली घोडी. मागच्या दोन्ही रेसेसमध्ये तिची वेळ चांगली होती, हे मी नंतर घरी येऊन पाहिलं. काकांचा तपकिरी कुठे आला ते त्यांनीही पाहिलं नाही. म्हणाले, "पण देखणा होता की नाही?"

तर प्रश्न असा. घोड्याची कुवत डोळ्यांनी कळते की घड्याळानं? मी तीन सीझन रेस बघतोय, पैसे लावतो ते वडापावच्या हिशेबात, तेव्हा 'टिप द्या' मंडळींनी कृपया हा धागा सोडून द्यावा. मला खरंच समजून घ्यायचंय.

माझा कल सध्या घड्याळाकडे. कारण नजरेला घोडा आवडतो की त्याची वेग घेण्याची ताकद आवडते, हे तिला स्वतःलाच कळत नाही. १८७८ पर्यंत जगातल्या बहुतेक चित्रकारांनी धावता घोडा काढला तो पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून, पोट जमिनीला समांतर. त्या साली कॅलिफोर्नियात मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा दिसलं की चारही खूर हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. हजारो वर्षं माणूस घोड्यावर बसतोय, घोडा बघतोय, आणि एवढी गोष्ट दिसली नव्हती. मग खांदा किती तिरका आणि नळी (गुडघ्याखालचं हाड) किती आखूड हे बघून वेग कसा सांगणार?

---

शून्यपूर्णांक

छान धागा. घड्याळवाल्यांच्या बाजूनं बोलतो, पण आधी घड्याळाची लाज काढतो.

आपल्याकडे पेपरातल्या निकालात जी वेळ छापतात ती पहिल्या घोड्याची. मागच्यांचं अंतर लेंथमध्ये, म्हणजे घोड्याच्या लांबीत. पूर्ण वेगात सेकंदाला साधारण सहा लेंथ धरा आणि बाकीच्यांच्या वेळा स्वतः काढा. इथपर्यंत ठीक. आता वळण घ्या. एखादा घोडा अर्धवर्तुळाचं वळण रेलिंगपासून तीन मीटर बाहेरून घेत असेल तर तो पाय (भूमितीतला) गुणिले तीन, म्हणजे साडेनऊ मीटरच्या आसपास जास्त धावला. जवळजवळ चार लेंथ. निकालात तो तीन लेंथनं हरलेला दिसतो. प्रत्यक्षात तो जिंकलेल्यापेक्षा चांगला धावला. घड्याळाला हे दिसत नाही. दिसतं कुणाला? डोळ्यांना.

दुसरं, मैदान. पुण्याचा सीझन पावसाळ्यात, मुंबईचा थंडीत. त्याच घोड्याच्या त्याच अंतराच्या दोन वेळा शेजारी ठेवून 'याचा वेग वाढला' म्हणणारे लोक मी व्हॉट्सॲपवर रोज बघतो. अहो, जमीन वाळली! पेनेट्रोमीटरचा (जमीन किती टणक ते मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा जाहीर होतो, तो बघायचे कष्ट घ्या.

तिसरं, पेस, म्हणजे रेस कोणत्या गतीनं चालवली ते. सगळ्या जॉकींनी सुरुवातीला लगाम धरून ठेवला तर डर्बीचे घोडेसुद्धा खालच्या क्लासची वेळ देतात. म्हणून नुसती वेळ कच्चा माल आहे. अमेरिकेत अँड्र्यू बायरनं केलं ते हेच: त्या दिवशीच्या सगळ्या रेसेस नेहमीपेक्षा किती जलद किंवा संथ झाल्या ते काढायचं, ते वजा करायचं, आणि उरेल तो घोड्याचा आकडा. १९९२ पासून त्याचे आकडे तिथल्या रेसच्या दैनिकात प्रत्येक घोड्यापुढे छापून येतात.

एवढं सगळं केल्यावर घड्याळ नजरेपेक्षा बरं. कारण ते चुकलं तर का चुकलं हे मागे जाऊन शोधता येतं. नजर चुकली की काका म्हणतात 'पण देखणा होता'.

---

दादर_टीटी

वाखुसा (वाचनखूण साठवली). काका मात्र भारी.

---

कॅम्पातला

माझे आजोबा पुण्यात मोतद्दार होते, चाळीसएक वर्षं. हल्ली सगळे सईस म्हणतात, पण ते स्वतःला मोतद्दारच म्हणवून घेत. लहानपणी त्यांच्याबरोबर पहाटे तबेल्यात गेलोय म्हणून लिहितो.

सकाळच्या गॅलपच्या ज्या वेळा तुम्ही फोनवर बघता त्या कशा येतात माहीत आहे का? पहाटे उजेड पुरता आलेला नसतो. घोड्यांच्या पाठीवर रेसचे नंबर नसतात. घड्याळवाला माणूस दुर्बीण लावून उभा. समोरून धुक्यातून एक काळा ठिपका येतो. तो कोण हे त्याला कपाळावरच्या चांदावरून, पायातल्या पांढऱ्या मोज्यावरून, पाठीवर कोणता रायडर आहे त्यावरून ओळखावं लागतं. मग खांबाशी बोट दाबायचं, दुसऱ्या खांबाशी पुन्हा दाबायचं. म्हणजे तुमच्या '६०० मीटर ३६' मध्ये पहिला भाग नजरेचा आणि दुसरा बोटाचा.

आणि त्या आकड्यापुढे काय लिहिलेलं असतं? 'मूव्ह्ड इझी' (सहज धावला), 'पुश्ड' (ढकलावा लागला), 'अर्ज्ड' (जोर लावून पळवला). हे घड्याळानं लिहिलं का? नजरेनं लिहिलं. ६०० मीटर ३८ 'इझी' आणि ६०० मीटर ३६ 'अर्ज्ड' यात आजोबा डोळे मिटून ३८ वाला घेत. शिवाय सकाळच्या रायडरचं वजन कुणी छापत नाही. कधी पन्नास किलोचा पोरगा असतो, कधी सत्तर किलोकडे झुकलेला माणूस.

चौखूर, तुमच्या सात नंबरपुढे काय लिहिलं होतं?

---

चौखूर

आत्ता परत जाऊन बघितलं. 'अर्ज्ड'.

(गप्प बसतो.)

---

शून्यपूर्णांक

कॅम्पातला, मुद्दा मान्य. पण यातून नजर श्रेष्ठ ठरत नाही, हातातलं घड्याळ वाईट ठरतं. यंत्र लावा, प्रत्येक घोड्याची प्रत्येक २०० मीटरची वेळ घ्या, मग बोला.

---

हॅपी_व्हॅली

हाँगकाँगमधून. इथे तेच आहे. बुधवारी रात्री ऑफिस सुटलं की ट्राम पकडून रेसकोर्सवर. प्रत्येक घोड्याच्या प्रत्येक टप्प्याची वेळ जाहीर होते, वळणावर कोण कितव्या रांगेत होता तेसुद्धा. घोड्याचं स्वतःचं वजनही छापतात, पौंडात. जपानमध्ये तर रेसच्या आधी वजन सांगतात आणि मागच्या वेळेपेक्षा किती किलो वाढलं-घटलं तेही.

आता गंमत ऐका. एवढे आकडे हातात असताना इथले जुने चिनी आजोबा पॅडॉकपाशी जाऊन उभे राहतातच. मी एकाला मोडक्यातोडक्या कँटनीजमध्ये विचारलं, काय बघता? तो म्हणाला, पेपरात वजन वीस पौंड वाढलंय. ते मांस आहे का चरबी, ते बघतोय.

---

बारीवाला_जुन्नर

रेसकोर्समधलं आपल्याला काय कळत नाय, पण हा वाद आमच्याकडं घाटात रोजचा हाय म्हणून लिवतो.

आमच्या जुन्नर-आंबेगाव-खेड पट्ट्यात बैलगाडा एकेकटा पळतो. बारी म्हणायची. घाटाच्या खालून सुटला की वर निशाणापर्यंत किती सेकंद, त्यावर नंबर. खाली सातारा-सांगलीकडं तसं नाय, तिकडं गाडे शेजारी शेजारी सुटत्यात, गट, सेमी, फायनल. जो पुढं तो पुढं. म्हंजे आम्ही घड्याळवाले आन ते नजरवाले म्हना. कोर्टाची बंदी २०१४ ला आली, २०२१ च्या डिसेंबरात उठली, पन भांडान तेच राहिलं.

आता बघा. सकाळच्या बाऱ्या थंडीत होत्यात, दुपारच्या उन्हात. सकाळी घाट टणक, दुपारपर्यंत शंभर गाडे पळून माती भुसभुशीत. सकाळी बारा सेकंदात गेलेला आन दुपारी बारात गेलेला सारखा कसा? पन घड्याळ सारखाच म्हनतं. दुपारचा मालक बोंबलतो. त्याचं खरंय. सातारकडं हा प्रश्न येत नाय, समदे एकाच मातीत. पन तिकडं शेजारच्या बैलाला दबकून आपला बैल मागं राहिला तर त्याची ताकद कळायची कशी?

बैल इकत घेताना मात्र आमचा बाप सेकंद इचारत नव्हता. बैलाला उठवायचा. बसलेला बैल कसा उठतो ते बघायचा. बास.

---

शून्यपूर्णांक

बारीवाला, तुमचा दुपारचा मालक म्हणतो तेच बायर म्हणतो. दुपारच्या सगळ्या बाऱ्यांची सरासरी काढा, सकाळच्यांशी ताडून बघा, फरक वजा करा. घाटात कुणी करत नाही का?

---

बारीवाला_जुन्नर

करतात की. तोंडी. आन मग हाणामारी.

---

डॉ_खूर

पशुवैद्य आहे. गेली काही वर्षं कामाचा मोठा भाग घोड्यांचा.

नजरेनं काय कळतं आणि काय नाही, हे जरा वेगळं करून बघू. वेग ज्यावर ठरतो त्यातलं बरंचसं कातडीच्या आत आहे. हृदय केवढं, फुफ्फुसं किती हवा घेतात, स्नायूंचे तंतू कोणत्या जातीचे. पूर्ण दौडीत घोड्याचा श्वास पावलाला बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. त्यामुळे घशाचा एक स्नायू अर्धवट लुळा असेल तर घोडा कितीही देखणा असो, शेवटच्या ४०० मीटरमध्ये त्याला हवा पुरत नाही. पॅडॉकमध्ये चालताना हे दिसणार नाही. कधीकधी दौडताना घरघर ऐकू येते. तेव्हा डोळ्यांपेक्षा कान बरे.

याउलट, आज घोडा बिघडलाय का, हे घड्याळाला कधीच कळणार नाही. ते मागच्या महिन्याचं सांगतं. आज तो पुढच्या उजव्या पायावर जरा कमी भार देतोय, मान त्या पावलाला किंचित वर जातेय, हे डोळ्यांनाच दिसतं. मागचा खूर पुढच्या खुराच्या जागेच्या पुढे पडतोय का, सैल चालतोय का, कान कुठे आहेत. घामाबद्दल मात्र जपून. मुंबईच्या एप्रिलमध्ये सगळ्यांनाच घाम येतो. तुम्हालाही.

'डौल' म्हणून जे बघतात त्यातलं अर्धं चांगल्या खरार्‍याचं आणि खुराकाचं असतं. त्यावरून मोतद्दाराची कुवत कळते. घोड्याची कळेलच असं नाही.

---

तापीकाठ

आमच्या सारंगखेड्याला या एकदा, दत्तजयंतीच्या यात्रेत. तिथे घड्याळाचं नावच काढायचं नाही. दात बघून वय, मग अंगावरचे केसांचे भोवरे. कुठला भोवरा शुभ, कुठला खोडीचा, यावर सौदे मोडतात. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असला की पंचकल्याणी, किंमत तिथेच वाढली. माझ्या मामांनी भोवरा चुकीच्या जागी म्हणून सोडून दिलेली घोडी शेजारच्या गावच्या माणसानं घेतली, आणि पुढची सहा वर्षं प्रत्येक लग्नात मामांना ती वरातीत नाचताना बघावी लागली.

मान्य, ते मारवाडी-काठेवाडी घोडे, रेसचे थरोब्रेड नव्हेत. पण नजर म्हणजे काय काय असतं त्याचा एक नमुना.

---

भायखळा_स्लो

नजर आणि घड्याळ दोन्ही एकदमच तोंडावर पडल्याचं उदाहरण राहिलं की. द ग्रीन मंकी. फेब्रुवारी २००६, फ्लोरिडात दोन वर्षांच्या घोड्यांचा लिलाव. तिथे विकायच्या आधी घोडे पळवून दाखवतात. यानं एक फर्लांग, म्हणजे दोनशे मीटर, ९.८ सेकंदांत काढला. ताशी चौऱ्याहत्तर किलोमीटर! वर दिसायला राजबिंडा, आणि वंशावळही तशीच. घोडे विकत घेणारे दोन बडे गट हात वर करत राहिले आणि हातोडा पडला १ कोटी ६० लाख डॉलरवर.

तीन रेस धावला. एकही जिंकला नाही. आयुष्याची कमाई १०,४४० डॉलर.

उलटं, जॉन हेन्री. पिल्लू असताना गुडघे मागे वाकलेले, स्वभाव चिडका. ११०० डॉलरला विकला गेला. कमाई ६५ लाखांच्या वर.

---

शून्यपूर्णांक

ग्रीन मंकीचं घड्याळ खोटं नव्हतं. तो खरंच तेवढा जोरात धावला. दोनशे मीटर. भरधाव येऊन. एकटा. विकणाऱ्यांना हवं होतं तेवढंच मोजलं. हजार-बाराशे मीटर, गर्दीत, तोंडावर माती उडत असताना काय होईल हे त्या ९.८ मध्ये नव्हतंच. दोष मोजण्याचा नाही, ते कशाचं उत्तर समजलं त्याचा.

---

दादर_टीटी

म्हणजे घड्याळ चुकलं की माणसाचा दोष, आणि नजर चुकली की नजरेचा. सोयीस्कर आहे.

---

चौखूर

दादर_टीटी, हाहा, हे मलाही खटकलं.

दरम्यान मी सेक्रेटॅरिएटबद्दल वाचत बसलो. १९७३ सालचा अमेरिकन घोडा, ट्रिपल क्राउनवाला (केंटकी डर्बी, प्रीकनेस, बेलमाँट या तिन्ही मोठ्या रेस एकाच वर्षी जिंकलेला). बेलमाँटला दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत, ३१ लेंथनं, तो विक्रम अजून मोडलेला नाही. ते बहुतेकांना माहीत असतं. मला भावली ती त्याच्या आधीची, प्रीकनेसची गोष्ट.

रेस संपली आणि मैदानावरच्या विजेच्या घड्याळानं दाखवलं १ मिनिट ५५ सेकंद. तिथे वर बसलेले पेपरचे दोघे घड्याळवाले म्हणाले, अशक्य. आमच्या दोघांच्याही हातातल्या घड्याळात १:५३ आणि दोन पंचमांश आलंय. रेसकोर्सच्या स्वतःच्या माणसाकडे तिसरीच वेळ, १:५४ आणि दोन पंचमांश. दोन दिवसांनी रेसकोर्सनं आपल्या माणसाची वेळ अधिकृत धरली. तेव्हाचा विक्रम होता १:५४, त्यामुळे घोडा विक्रमाला मुकला. टीव्हीवाल्यांनी १९७१ चा विक्रमी घोडा आणि हा, दोघांच्या फिल्म शेजारी शेजारी चालवून दाखवल्या. हा आधी पोचताना दिसत होता. तरी नाही.

मग ३९ वर्षांनी, २०१२ मध्ये, जुनी फिल्म पुन्हा तपासली आणि अधिकृत वेळ बदलून १:५३ केली. नवा विक्रम. घोडा जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती.

म्हणजे यंत्र चुकलं, हातातली घड्याळं आपसात जुळली नाहीत, आणि शेवटी निकाल कशावर लागला? बघण्यावर! फक्त फिल्म थांबवून थांबवून बघण्यावर. मी घड्याळाच्या बाजूनं धागा काढला होता, आता मलाच कळेना मी कुणाच्या बाजूनं आहे.

---

शून्यपूर्णांक

फिल्म थांबवून फ्रेम मोजणं म्हणजे घड्याळच झालं ना. :)

पण सेक्रेटॅरिएटचा विषय निघालाच आहे तर केंटकी डर्बीतले त्याचे तुकडे बघा. प्रत्येक पाव मैलाचे सेकंद: २५.२, २४, २३.८, २३.४, २३. शेवटचा तुकडा सगळ्यात जलद. सव्वा मैलाच्या रेसमध्ये घोडे शेवटी दमून हळू होतात, हा प्रत्येक तुकड्याला वेग वाढवत गेला. स्टँडमधून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? की तो मागून आला आणि बाकीचे थकले. नुसत्या नजरेला 'हा वेगात येतोय' आणि 'ते हळू होताहेत' यांतला फरक कळत नाही, कारण ती एकाला दुसऱ्याच्या संदर्भानं बघते. महालक्ष्मीला शेवटच्या २०० मीटरमध्ये 'क्या आ रहा है!' म्हणून सगळं स्टँड उभं राहतं, ते दहातल्या सात वेळा पुढचा थकलेला असतो म्हणून. (दहात सात हा आकडा माझ्या चिडचिडीतून आलाय.)

---

हॅपी_व्हॅली

इंग्लंडच्या टाइमफॉर्मची, घोड्यांना गुण देणाऱ्या कंपनीची, पण गंमतच. फिल बुल हा गणिताचा माणूस. सुरुवातीला टोपणनावानं वेळांची गणितं करून विकायचा. १९४८ मध्ये कंपनी काढली आणि नावातच 'टाइम' घातला. पण त्यांचे प्रसिद्ध आकडे, फ्रँकेल या घोड्याचे १४७, सी बर्डचे १४५, मुख्यतः कशावर असतात? कोणी कोणाला किती वजन देऊन किती लेंथनं हरवलं यावर. वेळ असते ती पडताळ्याला.

---

पापभीरू

एवढी बुद्धी जुगारात घालवण्यापेक्षा... असो. चालू द्या.

---

भायखळा_स्लो

पापभीरू, सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये म्हटलंय की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नव्हे. घोड्याचा वंश, तयारी, जॉकी हे पारखायला अक्कल लागते म्हणून. आता आमच्यापाशी ती नाही, हा कोर्टाचा दोष नाही.

---

कॅम्पातला

दोन दिवस धागा वाचतोय. एक गोष्ट लिहायची राहून जात होती.

इटलीतला फेडेरिको तेसिओ हा घोड्यांची नजर असलेला माणूस म्हणून जगभर ओळखला जातो. नजर म्हटली की त्याचंच नाव घेतात. त्याच्याच पैदाशीचा घोडा रिबो. इतका बुटका की त्याला 'छोटू' म्हणायचे, आणि इटलीच्या क्लासिक रेसेसमध्ये त्याचं नावसुद्धा घातलं नाही. तेसिओ १९५४ मध्ये गेला. रिबो १६ रेस धावला, १६ जिंकला, पॅरिसची आर्क ही नामांकित रेस दोनदा, १९५५ आणि ५६. म्हणजे तेसिओच्या तबेल्यातही उंची बघून ठरवलं आणि चुकले. हे मी नजरवाला असून सांगतोय.

आता आजोबांचं. ते घोड्याकडे टक लावून बघत असं मला आठवत नाही. पहाटे तबेल्यात गेले की आधी गव्हाण बघायची. रात्रीचा खुराक संपवला का? शिल्लक असेल तर किती? मग खाली बसून चारही नळ्यांवरून तळहात फिरवायचे, वरून खाली, डोळे भलतीकडेच. एका पायाची नळी दुसरीपेक्षा गरम लागते का, एवढंच. मी विचारलं होतं, आबा, किती गरम म्हणजे वाईट? म्हणाले, "कालच्यापेक्षा."

त्यांना दुसऱ्या तबेल्यातला घोडा दाखवून 'हा कसा आहे' विचारलं की ते चिडायचे. "मला काय ठाऊक? मी त्याला काल बघितलाय का?" आमच्या चाळीतले लोक त्यांना टिप मागायला यायचे आणि हात हलवत परत जायचे. सगळ्यांना वाटायचं म्हातारा लपवतोय. तो लपवत नव्हता. त्याला खरंच त्याच्या तीन घोड्यांपलीकडे काही दिसत नव्हतं.

म्हणून चौखूर, तुमचे ते सफारीवाले काका. सात नंबरच्या फेसाबद्दल ते बरोबर ठरले, पण तो घोडा दर वेळी असाच फेसाळत असेल तर? काही घोडे फेसाळूनच जिंकतात. काकांनी त्याला आधी किती वेळा पाहिला होता, ते विचारा.

---

शून्यपूर्णांक

हे पटलं. आणि हे माझ्याच बाजूचं आहे असं मी म्हणणार होतो ('कालच्यापेक्षा' म्हणजे वजाबाकी), पण दादर_टीटी ओरडतील.

---

डॉ_खूर

कॅम्पातला, नळीवर हात फिरवणं आम्ही आजही तसंच करतो. थर्मल कॅमेरे आलेत. तरी हात आधी जातो.

---

तापीकाठ

'कालच्यापेक्षा' वाचून मामांना फोन केला. म्हणाले, ते ठीक आहे, पण भोवरा वाईटच होता.

---

चौखूर

काल पुन्हा गेलो होतो. काका त्याच जागी, तोच सफारी. त्यांना विचारलं, सात नंबर तुम्ही आधी कितीदा बघितला होता? जरा विचार करून म्हणाले, पुण्यात दोनदा आणि इथे एकदा. पुण्यात कोरडा होता. मग सुरळी उलगडून रेसबुक दाखवलं. प्रत्येक घोड्याच्या नावापुढे पेन्सिलीनं बारीक काहीतरी. 'कोरडा'. 'कान मागे'. 'पोट सुटलं'. 'मोतद्दार नवा'. आणि प्रत्येक शेऱ्याच्या खाली, आणखी बारीक, त्या रेसची वेळ.

मी म्हटलं, काका, तुम्ही तर मला म्हणालात फोनात काय शोधताय.

म्हणाले, "फोनात बघू नका म्हटलं. लिहू नका असं कुठे म्हटलं?"

मग मागच्या आठवड्याच्या त्या तपकिरी देखण्याचं पान काढायला लावलं. शेऱ्याच्या जागी नुसती 'वा!' आणि खाली वेळ लिहायची जागा कोरी.

आज पेन्सिल घेतली. पॅडॉकमधली चाल आणि फेस तर बघेनच, पण नवखा माणूस आणखी काय टिपू शकेल ते सांगा. कॅम्पातला, गव्हाण बघायला मला कुणी आत सोडणार नाही.

---

कॅम्पातला

लगाम धरणारा मोतद्दार बघा. घोडा त्याच्या बरोबर चालतोय, त्याला ओढतोय, का त्याच्या मागे रेंगाळतोय. आणि तो मागच्या वेळचाच माणूस आहे का, हे लिहून ठेवा. काकांनी ठेवलंय बघा.